रेडिओचं कपाट कुठे आहे?

माझा संशोधन आराखडा पहिल्यांदा परत आला, तेव्हा त्यावर पेन्सिलीनं एकच ओळ लिहिली होती : 'पूर्वसंशोधनाचा आढावा अपुरा.' विषय होता आकाशवाणी नागपूरचे शेतीविषयक कार्यक्रम आणि विदर्भातले शेतकरी. आढाव्यात मी एकोणतीस संदर्भ दिले होते आणि ते सगळे रात्री घरी बसून मोबाइलवर शोधलेले होते. निम्म्याहून जास्त लेख शेतकऱ्यांच्या मोबाइल ॲपबद्दल होते. रेडिओबद्दलचे जे होते ते आफ्रिकेतल्या देशांबद्दल. मराठी मुलखातल्या रेडिओबद्दल एकही नव्हता, आणि नसेलच असं मी मनाशी धरून चालले होते.

आमच्या मार्गदर्शक मॅडम रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "तू मधूनच सुरुवात केलीस. एका लेखातून दुसऱ्या लेखात उड्या मारत गेलीस. आधी संदर्भग्रंथ पाहा. कोश, सूची, वार्षिकं. तुझ्या विषयाला लोक आजवर काय काय म्हणत आलेत, ते आधी शोध. मग लेख आपोआप सापडतील."

हा सल्ला मला तेव्हा फारसा पटला नाही. कोश हे शाळेतल्या मुलांनी निबंधासाठी पाहायची गोष्ट, अशी माझी समजूत होती. मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते. सकाळचे तास संपले की दुपार मोकळी असते. त्या मे महिन्यातल्या आणि जूनमधल्या दुपारी मी नागपुरातल्या वेगवेगळ्या ग्रंथालयांच्या संदर्भ विभागांत घालवल्या. त्या दीड महिन्यात काय झालं ते इथे लिहिते आहे, कारण माध्यमांवर संशोधन करणारी माझ्यासारखी बरीच मुलंमुली विदर्भात आहेत आणि हे कुणी आम्हाला वर्गात शिकवलेलं नाही.

पहिल्या दिवशी कूलरजवळच्या सगळ्या खुर्च्या स्पर्धा परीक्षेच्या मुलांनी सकाळी सातपासून धरलेल्या होत्या. मी दाराजवळच्या संगणकावर तालिका, म्हणजे ग्रंथालयातल्या पुस्तकांची यादी, उघडली आणि 'आकाशवाणी' शोधलं. सहा पुस्तकं आली. 'रेडिओ' टाकलं तर अकरा आली, त्यातली चार रेडिओ दुरुस्तीची. मराठी पुस्तकांच्या नोंदी रोमन लिपीत केलेल्या होत्या. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी त्या केल्या असाव्यात, कारण 'वाणी'तल्या 'व'साठी कुठे एक अक्षर वापरलं होतं, कुठे दुसरं. एक स्पेलिंग टाकलं की दुसऱ्या स्पेलिंगची पुस्तकं दिसतच नव्हती. मग लक्षात आलं की जुन्या मराठी लेखकांनी 'आकाशवाणी' हा शब्द वापरलेलाच नसेल. ते 'नभोवाणी' म्हणायचे. 'नभोवाणी' टाकल्यावर आणखी पाच पुस्तकं निघाली. आधीच्या दोन्ही शोधांत त्यातलं एकही आलं नव्हतं.

आपल्या, म्हणजे माध्यमांच्या अभ्यासाच्या, विषयाच्या नावाचंही तसंच आहे. नागपूर विद्यापीठात विभागाचं नाव 'जनसंवाद'. पुण्या-मुंबईकडे 'संज्ञापन' आणि 'वृत्तपत्रविद्या' हे शब्द रुळलेले. वर्ध्याच्या हिंदी विश्वविद्यालयात 'जनसंचार'. मराठी समीक्षेच्या पुस्तकांत 'संप्रेषण'. कृषी विद्यापीठांत हाच विषय 'विस्तार शिक्षण' या नावाखाली शिकवला जातो, ते मला फार उशिरा कळलं. मी वहीच्या शेवटच्या पानावर या शब्दांची यादी सुरू केली. ती यादी पुढे बावीस शब्दांपर्यंत गेली, आणि माझ्या सगळ्या टिपणांत आज सर्वांत जास्त उपयोगाचं पान तेच आहे.

मी पुस्तकांच्या नावांच्या चिठ्ठ्या करून काउंटरवर देत होते. तिथले भाऊ, ज्यांनी त्या ग्रंथालयात तीसेक वर्षं काढली असतील, तिसऱ्या चिठ्ठीला म्हणाले, "ताई, तुमी नावानं शोधून राहिले. नंबरानं पाहा ना. रेडिओचे पुस्तकं एका जाग्यावर नाहीत इथं."

"मग कुठे आहेत?"

"चार-पाच ठिकानी. चला, दाखवतो."

त्यांनी मला मांडण्यांमधून फिरवलं. तिथे प्रत्येक विषयाला एक अंक असतो आणि पुस्तकं त्या अंकाप्रमाणे लावलेली असतात. पत्रकारिता आणि वृत्तपत्रं ०७० मध्ये. समाजशास्त्राच्या अंगानं लिहिलेली माध्यमांची पुस्तकं ३०२.२३ ला. प्रसारणाची व्यवस्था, धोरण, परवाने हे सगळं ३८४.५४ ला, टपाल आणि टेलिफोनच्या शेजारी. रेडिओवरची नाटकं आणि कार्यक्रम ७९१.४४ ला, सिनेमाच्या जवळ. जाहिरात ६५९.१ ला. आणि शेतकऱ्यांपर्यंत माहिती पोहोचवण्याची पुस्तकं थेट ६३० मध्ये, खतं आणि किडींच्या पुस्तकांबरोबर. मेल्विल ड्यूई यांनी ही दशांश पद्धत १८७६ साली मांडली. तेव्हा रेडिओ नव्हता, सिनेमा नव्हता. वर्तमानपत्राला जागा मिळाली, बाकीची माध्यमं जसजशी आली तसतशी जिथे जागा होती तिथे बसवली गेली. माध्यमांचा अभ्यास हा स्वतंत्र विषय म्हणून उभा राहिला तोपर्यंत त्याची पुस्तकं साऱ्या ग्रंथालयभर विखुरलेली होती.

मग भाऊंनी एक गोष्ट दाखवली, जी मला कुठल्याही पुस्तकात सापडली नसती. ते मला ३०१ च्या मांडणीपाशी घेऊन गेले. तिथे खालच्या फळीवर १९५०, ६० आणि ७० च्या दशकांतली जनसंज्ञापनाची पुस्तकं होती, कण्यावर ३०१.१६ असा जुना अंक. "हे जुने आहेत. नवे तिकडं ३०२ ला. मधात बदललं ते." नंतर वाचून कळलं की १९७९ च्या एकोणिसाव्या आवृत्तीत ड्यूई पद्धतीतलं समाजशास्त्र नव्यानं लावलं गेलं, ३०१ मधले विषय ३०७ पर्यंत पसरवले गेले आणि संज्ञापन ३०२.२ मध्ये आलं. हजारो पुस्तकांचे अंक बदलायला कुणाकडे माणसं नसतात. म्हणून जुनी पुस्तकं जुन्या अंकावरच राहिली. फक्त ३०२.२३ पाहून निघणारा विद्यार्थी एका पूर्ण पिढीचं लेखन न पाहताच घरी जातो. मीही तशीच जाणार होते. अमेरिकन संज्ञापन अभ्यासक विल्बर श्रॅम यांचं विकसनशील देशांतल्या माध्यमांवरचं १९६४ चं पुस्तक मला त्या खालच्या फळीवर मिळालं. त्याच्या मागच्या खिशातल्या कार्डावरचा शेवटचा शिक्का मी जन्मायच्या आधीचा होता.

तिसऱ्या दिवशी मी ग्रंथपाल मॅडमना भेटले. त्यांनी विषय विचारला नाही. विचारलं, "तुमचा प्रश्न काय आहे?" मी विषय सांगायला लागले. त्यांनी हातानं थांबवलं. "हा विषय झाला. प्रश्न सांगा." मला बराच वेळ लागला. शेवटी म्हटलं, "खेड्यातल्या शेतकऱ्यानं रेडिओ ऐकला की तो फक्त ऐकतो, की त्यावर काही करतो, हे आपल्याकडे कुणी मोजून पाहिलंय का?"

"आता शोधता येईल," त्या म्हणाल्या, आणि उठून स्वतः कपाटाकडे गेल्या.

त्यांनी जे समजावलं ते माझ्या शब्दांत असं. नवख्या माणसानं आधी छोटा पारिभाषिक कोश घ्यावा. इंग्रजीत चँडलर आणि मंडे यांचा ऑक्सफर्डचा माध्यम कोश आहे, त्याआधीपासून वॉटसन आणि हिल यांचा आहे. संज्ञेचा अर्थ आणि तिच्या आसपासच्या संज्ञा तिथे अर्ध्या पानात मिळतात. मग विश्वकोशाकडे जावं. तिथे नोंद सहीची असते, म्हणजे कुणी लिहिली ते नाव खाली असतं, आणि त्याखाली मोजकी ग्रंथसूची असते. ती ग्रंथसूची हा विश्वकोशातला खरा ऐवज, कारण त्या विषयात आयुष्य घालवलेल्या माणसानं शेकडो पुस्तकांतून ती सहा-सात निवडलेली असतात. त्यानंतर सूची आणि सारसंग्रह, म्हणजे लेखांचे सारांश एकत्र देणारे ग्रंथ. आणि सगळ्यात शेवटी लेख. मी नेमकं उलट्या टोकाकडून आले होते.

त्या ग्रंथालयात संज्ञापनाचा एकच मोठा विश्वकोश छापील स्वरूपात होता. एरिक बार्नो यांच्या प्रमुख संपादकत्वाखाली ऑक्सफर्डनं १९८९ साली काढलेला, चार खंडांचा. दाखल नोंदवहीत चारही खंड होते. कपाटात तीनच निघाले. चौथा कुठे गेला हे कुणाला सांगता येईना, आणि शेवटच्या खंडातच निर्देशसूची होती. निर्देशसूचीविना विश्वकोश म्हणजे गावाचा नकाशा आहे पण त्यावर एकाही गल्लीचं नाव नाही. मला फार वाईट वाटलं. ते ग्रंथालय कुठलं हे लिहीत नाही, कारण असं अनेक ठिकाणी झालेलं मी पाहिलं आहे आणि तिथल्या माणसांनी मला जी मदत केली ती मोठी होती. पुण्यात शिकणाऱ्या एका मैत्रिणीला फोन केला. तिनं दुसऱ्याच दिवशी तिच्या ग्रंथालयात बसून रेडिओ, शेती, खेडी आणि भारत या शब्दांखालच्या निर्देशसूचीच्या पानांचे फोटो पाठवले. त्यावरून मी पहिल्या तीन खंडांतली पानं काढत गेले. चौथ्या खंडातली जी पानं लागली, त्यांचेही तिनं फोटो पाठवले.

चौथ्या दिवशी मला माझा शब्द मिळाला. 'फार्म रेडिओ फोरम'.

मी 'शेती कार्यक्रम', 'कृषिविषयक प्रसारण', 'शेतकरी आणि रेडिओ' असं शोधत होते. जगभरात या गोष्टीला एक ठरलेलं नाव होतं आणि ते मला माहीत नव्हतं. कॅनडात १९४१ पासून हा उपक्रम चालला. शेजारपाजारच्या शेतकऱ्यांनी एकत्र बसून ठरलेल्या दिवशी कार्यक्रम ऐकायचा, मग चर्चा करायची आणि आपलं म्हणणं केंद्राला लिहून कळवायचं. 'वाचा, ऐका, चर्चा करा, कृती करा' हे त्याचं ब्रीद. माझा प्रश्न, शेतकरी ऐकून पुढे काही करतो का, याच उपक्रमाभोवती साठ-सत्तर वर्षांपूर्वी विचारला गेला होता.

आणि तो मराठीत विचारला गेला होता. हे समजलं तेव्हा मी खुर्चीवरून उठून व्हरांड्यात जाऊन उभी राहिले.

१९५६ च्या सुरुवातीला युनेस्कोच्या मदतीनं आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या पाच मराठी भाषक जिल्ह्यांत १५० गावांमध्ये शेतकऱ्यांची श्रोते मंडळं उभी केली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे एकूण २० कार्यक्रम झाले. प्रत्येक मंडळाला एक अध्यक्ष आणि एक निमंत्रक. निमंत्रक चर्चेचा अहवाल आणि प्रश्न केंद्राला पाठवायचा. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत तेव्हा असलेले समाजशास्त्रज्ञ पॉल न्यूराथ यांनी त्याचं मूल्यमापन केलं. मंडळ असलेली गावं, नुसता रेडिओ असलेली गावं आणि रेडिओच नसलेली गावं अशी त्यांनी तुलना केली. आधी आणि नंतर, दोन्ही वेळा गावकऱ्यांना प्रश्न विचारले. मंडळं असलेल्या गावांत माहिती इतरांपेक्षा कितीतरी जास्त वाढली होती. न्यूराथ आणि आकाशवाणीचे तेव्हाचे महासंचालक ज. चं. माथुर यांच्या नावानं तो अहवाल १९५९ साली युनेस्कोनं प्रसिद्ध केला.

मी ज्याला 'मराठीत काहीच नाही' म्हणून सोडून दिलं होतं, ते जगातल्या विकास संज्ञापनाच्या अभ्यासात पायाभूत मानलं जाणारं काम निघालं. श्रॅम यांच्या त्या खालच्या फळीवरच्या पुस्तकातही त्याचा उल्लेख आहे. मी ते पुस्तक दोन दिवस आधीच चाळलं होतं. शब्द माहीत नव्हता म्हणून नजर त्यावर थांबली नव्हती.

अहवालाची छापील प्रत नागपुरात शोधायची गरज पडली नाही. युनेस्कोचं अंकीय ग्रंथालय सगळ्यांना खुलं आणि मोफत आहे. नाव आणि वर्ष टाकल्याबरोबर पूर्ण अहवाल उघडला. त्या रात्री मी तो तीन वाजेपर्यंत वाचला. परिशिष्टात प्रश्नावली आहे, कार्यक्रमांचे विषय आहेत. माझ्या आराखड्यातलं संशोधन पद्धतीचं प्रकरण मी त्यानंतर पूर्ण नव्यानं लिहिलं.

एक प्रश्न मात्र उरला होता. पाच जिल्हे मराठी, मग त्यात विदर्भातला एकही का नाही? उत्तर अहवालाच्या बाहेर होतं. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नागपूर मुंबई राज्यात नव्हतंच. ते मध्य प्रदेशाची राजधानी होतं. नागपूरचं आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं, ते मध्य प्रांत-वऱ्हाडच्या राजधानीत. म्हणजे आपल्याकडच्या खेड्यांसाठीच्या प्रसारणाच्या पहिल्या आठ वर्षांबद्दल काही शोधायचं, तर 'महाराष्ट्र' या शब्दाखाली शोधून चालणार नाही. 'मध्य प्रदेश' आणि 'मध्य प्रांत' या शब्दांखाली शोधावं लागेल. यादीत आणखी दोन शब्द वाढले.

जुन्या कोशांबद्दल माझं एक मत झालं आहे, ते इथेच मांडते. २००८ साली वोल्फगांग डॉन्सबाख यांच्या संपादकत्वाखाली बारा खंडांचा नवा आंतरराष्ट्रीय संज्ञापन विश्वकोश निघाला. तेराशेहून जास्त नोंदी आहेत. तो मी नंतर दुसऱ्या एका संस्थेत संगणकावर पाहिला आणि तो अप्रतिम आहे. पण नवा आला म्हणून जुना निर्लेखित करायचा, म्हणजे नोंदीतून कमी करून काढून टाकायचा, हे माध्यमांच्या बाबतीत तरी करू नये. १९८९ च्या कोशाला इंटरनेट माहीत नाही, पण खेड्यातल्या चावडीवरचा रेडिओ त्याच्या लेखकांनी स्वतः पाहिलेला आहे. ज्या गोष्टी त्या काळात मोठ्या होत्या आणि पुढे लहान झाल्या, त्या जुन्या आवृत्तीतच पूर्ण उंचीच्या दिसतात. रद्दीच्या ढिगात असे खंड दिसले तर कृपा करून कुणीतरी ते उचलून घ्या.

शोधगंगा आणि बाकीच्या संकेतस्थळांवर फार लिहीत नाही, ती सगळ्यांना माहीत आहेत. दोनच गोष्टी. १ जानेवारी २०२५ पासून 'एक देश, एक सदस्यत्व' योजनेत सुमारे १३,००० नियतकालिकं सरकारी उच्चशिक्षण संस्थांना मिळू लागली, पण ती नियतकालिकं आहेत. मोठे विश्वकोश त्यात येतात असं समजून कुणी बसू नये, त्यासाठी अजूनही कपाटापाशीच जावं लागतं. आणि शोधगंगेवर पीएच.डी.चे प्रबंध असतात. पदव्युत्तर प्रबंध तिथे शोधून उपयोग नाही, आणि माझ्या विषयावरचं स्थानिक काम नेमकं पदव्युत्तर प्रबंधांतच होतं.

ते कळलं कृषी महाविद्यालयात. महाराजबागेजवळचं हे महाविद्यालय १९०६ सालचं आहे. मी बी.ए.ला असताना रोज त्यावरून जात होते आणि आपला तिथे काही संबंध आहे असं कधी मनात आलं नाही. ६३० चा तो अंक डोक्यात बसला नसता तर आताही गेले नसते. तिथल्या ग्रंथालयात 'विस्तार शिक्षण' विभागाचे एम.एस्सी.चे प्रबंध ओळीनं लावलेले होते, हिरव्या आणि तपकिरी बाइंडिंगचे. अमुक तालुक्यातल्या शेतकऱ्यांची रेडिओ ऐकण्याची सवय. अमुक पिकाच्या सुधारित लागवडीची माहिती कुठल्या माध्यमातून मिळाली. लहान नमुना, साधी टक्केवारी, पण गावांची नावं आपली. माध्यमांचा विद्यार्थी जे काम हवं म्हणून तळमळतो, ते कृषीच्या विद्यार्थ्यांनी करून ठेवलं होतं आणि ते आपल्या कुठल्याच सूचीत येत नव्हतं. त्यांच्या संदर्भयादीत एव्हरेट रॉजर्स यांचं नवकल्पनांच्या प्रसारावरचं १९६२ चं पुस्तक पहिल्या पानावर होतं. तेच पुस्तक आमच्या वर्गात संज्ञापनाचा सिद्धांत म्हणून शिकवलं जातं. दोन विभाग एकाच शहरात, एकच पुस्तक वाचत, एकमेकांना ओळखत नाहीत.

तिथल्या ताईंनी सांगितलं की यातले पुष्कळसे प्रबंध आता 'कृषिकोश' या अंकीय भांडारात चढवले आहेत, देशभरातल्या कृषी विद्यापीठांचे तिथे मिळतात. तरी मी तिथे पाच दुपारी बसले. प्रबंधाच्या शेवटी प्रश्नावली असते, आणि प्रश्न कसे विचारले होते ते ओळीनं वीस प्रबंधांत पाहिल्यावर रेडिओबद्दलची अपेक्षा दशकागणिक कशी बदलत गेली ते दिसतं.

मराठी संदर्भग्रंथांनी मला वेगळ्या प्रकारे मदत केली. भाषा संचालनालयाचा वृत्तपत्रविद्या परिभाषा कोश आणि कृषिशास्त्र परिभाषा कोश हे दोन्ही मी शेजारी ठेवून वाचले, कारण माझ्या प्रश्नावलीत शेतकऱ्याला समजेल असा शब्द हवा होता आणि आराखडा तपासणाऱ्या समितीलाही तो मान्य व्हायला हवा होता. मराठी विश्वकोश तर आता घरबसल्या वाचता येतो. आणि केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड चाळताना जाणवलं की मराठीतल्या या पहिल्या मोठ्या कोशाचं काम उभं राहिलं ते आपल्या नागपुरातून, पुण्याला ते नंतर गेलं. हे सांगताना मला अजून भरून येतं. पत्रकारितेचं शिक्षणही इथे लवकर आलं. हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ साली ते सुरू झालं, आणि तेव्हा इथे शिकवायला आलेले अमेरिकन प्राध्यापक रोलंड वोल्सली यांनी संपादित केलेलं भारतीय पत्रकारितेवरचं पुस्तक १९५३ साली मुंबईहून प्रसिद्ध झालं. तो वारसा असलेल्या शहरातल्या मुलांना संदर्भ विभाग अनोळखी वाटावा, हे मला पटत नाही.

माझ्यासोबत बसणारा एक मित्र विदर्भातल्या जुन्या वृत्तपत्रांवर काम करतो. त्याचं सगळं शोधकाम शं. ग. दाते आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या १८०० ते १९५० या काळातल्या मराठी नियतकालिकांच्या सूचीवर उभं आहे. ती सूची हातात धरून तो मला म्हणाला होता, "या माणसांनी गावोगाव फिरून हे केलं नसतं, तर माझा विषयच नसता." सूची करणाऱ्याचं नाव कुणी प्रबंधाच्या ऋणनिर्देशात घालत नाही. त्यानं पहिलं घातलं आहे.

शेवटचा धागा मला एका तळटीपेतून मिळाला. आकाशवाणीचं 'द इंडियन लिसनर' नावाचं कार्यक्रमपत्र १९३५ च्या डिसेंबरपासून निघत होतं. १९५८ मध्ये त्याचं नाव 'आकाशवाणी' झालं. प्रत्येक केंद्राचा रोजचा कार्यक्रम त्यात छापलेला असायचा. त्याचे पुष्कळ जुने अंक इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. मी १९४८ नंतरचे अंक उघडत गेले आणि नागपूरचं पान आलं. सकाळची प्रसारण सभा, दुपारची सभा, संध्याकाळची सभा. संध्याकाळी खेड्यातल्या श्रोत्यांसाठीचा कार्यक्रम. तारीख, वेळ, सगळं. मी त्या पानाची छपाई काढली आणि शनिवारच्या एसटीनं काटोलला गेले, तिथून गावाला.

बाबा बागेतून आलेले होते. संत्र्याच्या झाडांना आळी करून दमले होते. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा लावून तो सावकाश वाचला. "हे तं माह्या जन्माआधीचं हाय," ते म्हणाले. मग थोडा वेळ गप्प राहिले. "पन मंडळ होतं आपल्या गावात. मी सात-आठ वर्साचा असन. चावडीपुढं रेडिओ लावत. ऐकून झालं का सारे बोलत बसत. एक जन लिहून घे."

"कोण लिहायचं, बाबा?"

त्यांनी नाव सांगितलं. तो माणूस आता नाही. त्याचा मुलगा वरच्या आळीत राहतो. "वही होती त्याच्यापाशी. लाल पुठ्ठ्याची. केंद्राले पत्र पाठवायच्या आधी त्याच्यात उतरून ठेवे. त्याच्या पोरानं घर पाडून नवं बांधलं तवा सामान माडीवर टाकलं होतं."

मी वहीच्या शेवटच्या पानावर, बावीस शब्दांच्या खाली, त्या घराचं नाव लिहून घेतलं. बाबा म्हणाले की पावसाच्या आधी जायला हवं, माडी गळते. उद्या सकाळी आम्ही दोघं जातो आहोत.